क आणि ख यांचा करार

कायद्याच्या परीक्षेत माणसांना नावं नसतात. क ने ख ला घोडा विकला, घोडा ग च्या शेतात शिरला, घ ने त्याला गोळी घातली. आता सांगा, कोणाचा किती दोष. जयपुरात नऊ वर्षं मी हेच शिकवत आलेय. प्रताप नगरात दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास. खाली कचोरीवाला, मध्ये झेरॉक्स, वर न्याय. न्यायाधीश व्हायची परीक्षा द्यायला निघालेली पोरं-पोरी समोर बसलेली असतात आणि मी फळ्यापाशी उभी राहून क आणि ख ची भांडणं लावत असते. सांगानेरच्या विमानतळावरचं विमान डोक्यावरून गेलं की वाक्य अर्ध्यात सोडायचं, आवाज ओसरला की उरलेलं बोलायचं. सुट्टीत सांगलीला गेले तरी मी बोलताना मध्येच थांबते, आणि बहीण विचारते, काय गं, विसरलीस का पुढचं.

लेखी परीक्षेत दोन गोष्टी माणसाला मारतात, निबंध आणि प्रसंग. प्रसंगाचा प्रश्न म्हणजे आठ-दहा ओळींची हकीकत. वाद कशाचा, कलम कोणतं, ते इथं कसं लागू होतं आणि निकाल काय, एवढं सगळं आठ-नऊ मिनिटांत लिहायचं. पहिल्या दिवशीच मी सांगते, आधी हकीकत वाचा. मग परत वाचा. जे लिहिलंय तेवढंच खरं. जे लिहिलेलं नाही ते स्वतःच्या डोक्यातून आणून घातलंत तर मार्क गेले म्हणून समजा. हे सांगताना माझा आवाज चढतो, आणि मागच्या बाकावर कुणी गालात हसलं तर त्याला मी उभं करते. बाई तापट आहे, हे पोरांना आठवड्याभरात कळतं.

निबंधाचं वेगळं. निबंध मी लिहून देते आणि पोरं घोकतात. हे बरोबर नाही, मला कळतं. पण क्लासचे मालक, ज्यांना सगळे डायरेक्टरसाहेब म्हणतात, त्यांना छापील मॉडेल निबंध हवे असतात. ॲडमिशनला आलेल्या बापाच्या हातात ते ठेवता येतात ना. माझ्या सगळ्यांत गाजलेल्या निबंधाची सुरुवात अशी आहे, 'कानून का ज्ञान नागरिक की सबसे बड़ी ढाल है.' एकेका बॅचच्या पन्नास-साठ पेपरांत मी ही ओळ तपासलेली आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आमच्याकडे म्हणतात. त्यातला पाषाण मी. कसा, ते सांगते.

मिस्टर विमा कंपनीत. त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा तीन वर्षांचा मामला होता. मग मुलीची दहावी आली, मग बारावी, आणि बढती घेतली तर पुन्हा बदली म्हणून यांनी दोनदा बढती नाकारली. तिनाची नऊ झाली. मुलगी आता पुण्यात शिकते आणि फोनवर आमच्याशी निम्मं हिंदीत बोलते. आम्ही दोघं मात्र इथंच. मी सांगलीला दोन वर्षं कोर्टात उभी राहिलेली बाई. नव्या गावात काळा कोट घालून कुणाच्या दारात जाऊ? तेवढ्यात या क्लासची जाहिरात दिसली.

पहिल्या दिवशी डायरेक्टरसाहेबांनी दोन गोष्टी केल्या. माझी डिग्री, मार्कशीटं, सनद, सगळे मूळ कागद एका खाकी पाकिटात घातले आणि म्हणाले, "ऑफिस में रहेंगे मैम, सबके रहते हैं." इथं बऱ्याच क्लासांत अशी रीत आहे, मास्तर बॅच अर्ध्यावर टाकून पळू नये म्हणून. दुसरं म्हणजे त्यांनी एक स्टँपपेपर पुढं केला. "बस इतना है कि हमें छोड़कर जयपुर में कहीं और नहीं पढ़ाएँगी." वर्ग भरलेला होता, पोरं वाट बघत होती. मी काउंटरवर उभ्या उभ्या सही केली आणि वर गेले. त्या दिवशी मी काय शिकवलं माहितीय? करार करण्यापूर्वी माणसानं तो नीट समजून घ्यायला हवा, हे शिकवलं.

आणि दरवर्षी कलम सत्तावीस येतं. कुणालाही त्याचा कायदेशीर धंदा-पेशा करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल. नोकरी चालू असताना मालक अडवू शकतो, पण नोकरी सोडल्यावर तू दुसरीकडं शिकवू नकोस म्हणाला तर ते कोर्टात टिकत नाही. हे मी फळ्यावर लाल खडूनं लिहिते, दोनदा अधोरेखित करते आणि साडेसातला माझी पर्स उचलून, डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटाकडं एकदा बघून घरी येते. त्या कपाटात माझी डिग्री. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"माग की परत," मिस्टर पहिली दोन-तीन वर्षं म्हणायचे.

"देणार नाही तो."

"कशावरून?"

"तुम्हाला माहीत नाही अहो इथलं." आमच्या एका सरांनी कागद मागितले होते, त्यांचे तास पुढच्या महिन्यात निम्म्यावर आले. मग कोण मागतंय? मी कानाला खडा लावला. पुढं मिस्टरांनी विचारायचं सोडलं आणि माझी गाऱ्हाणी मात्र चालूच राहिली. सांगलीला फोन केला की बहिणीला तेच, शेजारच्या बँकवाल्या वहिनींना तेच. कागद अडकवून ठेवलेत हो त्यानं, नाहीतर मी कधीच गेले असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे नुसता.

या उन्हाळ्यात मला खरोखरच जायची संधी आली. शहराबाहेरच्या एका लॉ कॉलेजात शिकवायची जागा निघाली. मी कुणाला न सांगता अर्ज केला, मुलाखत दिली. मुलाखत घेणारे मॅडम-सर चांगले होते. तुमच्याकडं विद्यार्थ्यांना किती वेळ विचार करायला देता, असं त्यांनी विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं, आठ मिनिटं. ते हसले. तिथं मुलं पाच वर्षं असतात. तिथं ग्रंथालय आहे. निबंध घोकून घ्यायचे नाहीत. मला ती जागा इतकी हवी होती की दोन रात्री मला धड झोप आली नाही. एक्कावन्नाव्या वर्षी मला पुन्हा कोण बोलावणार होतं?

बुधवारी निरोप आला. निवड झाली, सोमवारी मूळ कागदपत्रं आणि अनुभवाचे दाखले घेऊन या, सोमवार चुकला तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू. मी वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढं ते कपाट उभं राहिलं. अनुभवाची मला चिंता नव्हती. माझी सही असलेला करार त्याच पाकिटात होता, तोच दाखला. पाकीट मिळालं म्हणजे सगळं मिळालं.

गुरुवारी मी केबिनच्या दारापर्यंत गेले आणि डस्टर मागून परत आले. शुक्रवारी गेले तर साहेब फोनवर होते. लेखी परीक्षा पाच आठवड्यांवर, अशा वेळी ते मला सोडतील? छे. संध्याकाळी मी नुसती धुमसत होते. शनिवारच्या टेस्टचा पेपर काढायचा होता. मी तावातावानं टाइप केलं: क ही शिक्षिका आहे. ख हा संस्थाचालक आहे. रुजू होताना क ने आपली मूळ प्रमाणपत्रं ख कडे जमा केली, ती आजही ख च्या ताब्यात आहेत. संस्था सोडल्यावर त्याच शहरात अन्यत्र शिकवणार नाही, असंही तिनं लिहून दिलं आहे. क ला दुसरीकडं नोकरी मिळाली आहे. क च्या हक्कांची चर्चा करा. दहा मार्क.

डायरेक्टरसाहेबांनी पेपर वाचलासुद्धा नाही. थेट झेरॉक्सला पाठवला.

रविवारी जेवणाच्या टेबलावर गठ्ठा घेऊन बसले. कूलर घरघरत होता, मिस्टरांनी पोहे करून बशी कोपऱ्यावर ठेवली. पोरांनी काय सुरेख उत्तरं लिहिली होती म्हणून सांगू. करार रद्दबातल. ख ने प्रमाणपत्रं अडकवणं बेकायदेशीर. क ला कागद परत मिळण्याचा हक्क, नुकसानभरपाईचा हक्क. एकानं तर ख ला तुरुंगात घातलं होतं. मी सात, आठ, आठ असे मार्क देत सुटले. बरं वाटत होतं हो, खोटं कशाला बोलू. नऊ वर्षांनी चाळीस वकील माझ्या बाजूनं उभे होते.

मग तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा पेपर आला. ही लग्न झालेली. सासरच्या गल्लीतून डोक्यावर पदर घेऊन निघते आणि क्लासच्या जिन्यात तो खांद्यावर टाकते. घरच्यांनी तिला एवढी एकच संधी दिलीय, यंदा नाही तर मग नाही. हुशार आहे, पण घोकत नाही, म्हणून माझी नि तिची कायम खडाजंगी. कराराबद्दल तिनं बरोबर लिहिलं होतं. पण प्रमाणपत्रांबद्दल तिचं म्हणणं असं: 'दिए गए तथ्यों में क ने प्रमाणपत्र कभी माँगे ही नहीं. माँग नहीं, तो इनकार भी नहीं. इनकार नहीं, तो ख का दोष अभी सिद्ध नहीं होता.'

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दोष सिद्ध होत नाही म्हणे. मी दहापैकी दोन दिले आणि समासात लाल पेनानं लिहिलं, 'प्रश्न ध्यान से पढ़ो.'

"काय झालं?" मिस्टरांनी वर्तमानपत्रातून मान वर केली.

"काही नाही. एक दीडशहाणी आहे, म्हणते बाईनं कागद मागितलेच नाहीत."

मिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांचं ते चष्मा पुसणं मला चांगलं कळतं. मी प्रश्नपत्रिका ओढली, ते वाक्य तिला दाखवायचं म्हणून शोधायला लागले. क ने प्रमाणपत्रं परत मागितली, ख ने नकार दिला. हे वाक्य मी लिहिलंच असणार. मी एकदा वाचलं, परत वाचलं. ते वाक्य तिथं नव्हतं.

ते असणार कुठून? घडलं होतं तेवढंच मी लिहिलं होतं. बाकीच्या पोरांनी नकार आपल्या डोक्यातून आणून घातला होता, आणि मीही नऊ वर्षं तेच करत आले होते. मला रडू आलं. पोह्यांची बशी पुढं घेऊन मी चक्क रडले, आणि मिस्टर म्हणाले, "अगं, उद्या सकाळी माग. एवढंच आहे ना ते."

सोमवारी साडेआठला मी दोन ओळींचा अर्ज लिहून केबिनमध्ये गेले. कारण लिहिलं नव्हतं. डायरेक्टरसाहेब गणपतीच्या फोटोपुढं उदबत्ती लावत होते. त्यांनी अर्ज वाचला.

"अरे मैम, इसमें एप्लिकेशन की क्या बात है? कब का ले जातीं आप."

किल्ली काढली, कपाट उघडलं. आत खाकी पाकिटांची चळत होती, न मागणाऱ्यांची. माझं खालून चौथं निघालं. रजिस्टरमध्ये सही घेतली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. दोन मिनिटं लागली असतील. त्यांनी आढेवेढे घेतले असते तर मला परवडलं असतं. मी त्यांना मनात इतक्या शिव्या घालून ठेवल्या होत्या, त्या आता कुणाला देऊ?

कॉलेज दूर होतं. रिक्षात बसून मी पाकीट उघडलं. डिग्री, मार्कशीटं, सनद, सगळं जागेवर. तळाशी करार. तो मी जन्मात पहिल्यांदा वाचला. भाड्याच्या खोलीच्या कराराचाच नमुना घेऊन त्यात घरमालकाच्या जागी संस्था आणि भाडेकरूच्या जागी शिक्षिका घातली होती. सहाव्या ओळीत लिहिलं होतं, हा करार अकरा महिन्यांसाठी राहील, त्यातल्या सर्व अटी त्या मुदतीपुरत्याच लागू राहतील. त्याखाली, मुदत संपल्यावर जमा कागदपत्रं परत नेण्याची जबाबदारी शिक्षिकेची राहील. खाली माझी सही, झोकदार, इंग्रजीत.

अकरा महिने. आठ वर्षांपासून मला कुणी धरून ठेवलेलं नव्हतं. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, तबीयत ठीक है ना मैडम? मी हो म्हटलं.

कॉलेजच्या ऑफिसात एक प्रौढ क्लार्क होते. फार सभ्य माणूस. त्यांनी एकेक कागद बघून टिक केली. मग म्हणाले, अनुभव पाँच साल का चाहिए. मी करार पुढं केला. त्यांनी तो वाचला, बोट सहाव्या ओळीवर ठेवलं.

"मैडम, ये तो ग्यारह महीने का है."

"उसके बाद भी वहीं पढ़ाया है. नौ साल."

"उसका कुछ लिखा हुआ होगा?"

काय होतं? नंतर कराराचं नूतनीकरण कुणी केलं नाही, मीही विचारलं नाही. पगार तर पहिल्यापासून रोखीत. हजेरीच्या रजिस्टरवर माझ्या नऊ वर्षांच्या सह्या होत्या, पण रजिस्टर डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये. माझ्या हाताखालून गेलेली किती पोरं आज न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलीत, पण कागदावर मी अकरा महिने शिकवलेली बाई. क्लार्क म्हणाले, संस्थेचं एक पत्र आणा, चार वाजेपर्यंत मी थांबतो, त्यानंतर फाइल वर जाते.

मी तिथूनच डायरेक्टरसाहेबांना फोन लावला. अनुभवाचा दाखला हवा आहे, आजच, म्हटलं. सकाळचं पाकीट कशासाठी होतं ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

"ज़रूर देंगे मैम. मेन्स हो जाने दीजिए, फिर आराम से. बच्चों का सवाल है."

मी परत रिक्षा केली, क्लासवर आले, अर्ज लिहून दाखला मागितला. ते तितक्याच गोड आवाजात तेच म्हणाले. मी पुन्हा मागितलं. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, कलमं सांगितली. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. चार वाजले तेव्हा मी केबिनमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली होते आणि समोर घड्याळ होतं. मग साडेचार झाले. मिस्टरांचा फोन आला, तो मी घेतला नाही.

पाचला वर्ग होता. वर गेले. जाऊन जाणार कुठं होते? पेपर वाटले. पोरं आपापले मार्क बघून खूश होती. तिसऱ्या बाकावरचा पेपर मी शेवटी ठेवला होता. वाटण्याआधी त्यावरचा दोन खोडून नऊ केला होता, समासातलं वाक्यही खोडलं होतं. ती पेपर घेऊन बाकावर गेली, थोडा वेळ त्याकडं बघत राहिली आणि वर्ग सुटल्यावर माझ्याकडं आली. एकेका मार्कासाठी भांडायचं, हे मीच यांना शिकवलेलं.

"मैम, एक नंबर कहाँ कटा?"

विमान गेलं. मी थांबले. आवाज ओसरल्यावर म्हणाले, "क ने माँगने में बहुत देर कर दी. वह तुमने नहीं लिखा."

तिनं मान हलवली, पेन काढलं आणि तो मुद्दा वहीत लिहून घेतला.